संकटाची पेटी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात खापर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शिक्षक. सारा जन्म फळ्यासमोर गेला आणि आता सेवानिवृत्त होऊन घरी बसलो आहे. आपल्या मेळाव्यांत मुलांचे शिक्षण, लग्नातील खर्चाला आळा, व्यसनमुक्ती अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींची भाषणे आजवर झालेली आहेत आणि ती पुढेही व्हावीत. मी मात्र आज एका पत्र्याच्या पेटीविषयी बोलणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल; परंतु पूर्ण ऐकून घेतल्यावर तो तसा वाटणार नाही, अशी मला आशा आहे.

वादळ-पावसाच्या हंगामासाठी प्रत्येक घरात एक पेटी सिद्ध असावी, हे माझे आजचे सांगणे. यावर कोणी विचारील की, गुरुजी, समुद्र कोठे आणि खापर कोठे? प्रश्न वाजवी आहे. आपले गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुव्याहून सागबाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, गुजरातच्या सीमेलगत वसलेले. समुद्र आपल्यापासून शंभर किलोमीटरांहून दूर आहे. मग आपल्याला वादळाची धास्ती ती काय?

याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावयास हवे. अरबी समुद्रात चक्रीवादळे मुख्यतः दोन वेळा उठतात. एक हंगाम पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर, म्हणजे मे-जूनमध्ये. दुसरा पाऊस परतल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. अमेरिकेकडील अशाच वादळांना तिकडे हरिकेन म्हणतात आणि त्यांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात. वादळ जमिनीवर आले म्हणजे समुद्राच्या उबदार पाण्यापासून मिळणारी वाफ त्याला मिळेनाशी होते आणि त्याचा जोर ओसरू लागतो. परंतु पोटात साठविलेले पाणी ते वाटेवर ओतीत जाते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे वादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर चढले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या वाऱ्याने घरांचे पत्रे उडविले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, आणि विजेचे खांब असे मोडले की कित्येक गावे काही आठवडे अंधारात राहिली. तेच वादळ पुढे दुबळे होत उत्तर महाराष्ट्रावरून मध्य प्रदेशात गेले. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ च्या रात्री, ‘तौक्ते’ वादळ कोकणाला झोडपून सौराष्ट्रावर आदळले. तेव्हा समुद्र दूर असला, तरी त्याचा पाहुणा आपल्या दारावरून जाऊ शकतो.

शिवाय वादळावाचूनही पाणी येतेच. ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात अतिवृष्टीने रंगावली आणि सरपणी या नद्यांना महापूर आला व त्याने माणसे आणि घरेदारे नेली. मोलगीकडे जाणाऱ्या देवगोई घाटात पावसाळ्यात दरड आली की वरची गावे तुटतात, हे आपण जाणतोच. आणि आज आपला समाज खापरपुरता राहिलेला नाही. आपली मुलेबाळे सुरतेत आहेत, मुंबईत आहेत, पुण्यात आहेत. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडाव्या लागलेल्या पाण्याने सुरत शहराचा बहुतेक भाग बुडाला. अशा वेळी आपल्यापैकी किती घरांत रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

सुरतेचा विषय निघाला म्हणून एक जुनी आठवण सांगतो. ऑगस्ट १९६८ मध्ये तापीने सुरत बुडविली. उकाईचे धरण तेव्हा बांधून झालेले नव्हते. मी त्या वेळी सात-आठ वर्षांचा होतो. माझी आत्या सुरतेत दिलेली होती. पूर ओसरल्यावर काही दिवसांनी ती दोन लेकरांना घेऊन आमच्याकडे आली, तेव्हा तिच्या हातात एक पितळी डबा होता. त्या डब्यात तिने शेंगदाणे, गूळ, सुंठीचा तुकडा आणि मेणकापडात गुंडाळलेली काडीपेटी ठेवलेली होती. घरात पाणी शिरू लागताच तिने भांडी सोडली, कपडे सोडले. डबा तेवढा काखेत मारला आणि लेकरांना घेऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली. दोन रात्री त्या गूळ-शेंगदाण्यांवर निघाल्या. माझ्या वडिलांनी तिला विचारले की, तुला हे सुचले कसे? ती म्हणाली, “सुचायचं काय त्यात, दादा? पावसाळ्याआधी आई असा डबा भरायचीच.”

बंधू-भगिनींनो, या उत्तरात माझ्या आजच्या भाषणाचे सार आहे. संकटाची पेटी ही परदेशातून आणावयाची वस्तू नव्हे. आपल्या आज्या-पणज्या तिला बेगमी म्हणत. वैशाखाच्या उन्हात बिबडे, पापड, कुरडया वाळत घालावयाच्या. धान्य ऊन देऊन कणग्यांत भरावयाचे. गोवऱ्या आणि सरपण कोरड्यात रचावयाचे. घराचे छप्पर शाकारावयाचे. जनावरांसाठी कडबा माळ्यावर चढवावयाचा. आणि मिरगाचा पहिला पाऊस पडण्यापूर्वी घर चार महिन्यांसाठी बांधून ठेवावयाचे. ओढ्यापलीकडचा बाजार बंद पडेल, हे त्या गृहीतच धरून चालत.

पुढे वीज आली, पक्के रस्ते आले, कोपऱ्याकोपऱ्यावर किराणा दुकान आले, आणि ही फार चांगली गोष्ट झाली. परंतु त्याबरोबर आपण असे मानू लागलो की, बटण दाबले की दिवा लागणारच, नळ सोडला की पाणी येणारच, आणि फोन लावला की उत्तर मिळणारच. घरातील कंदील गेला, त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. बेगमीची सवय गेली आणि संकट मात्र होते तेथेच राहिले.

हे मी दुसऱ्यांना दोष देण्यासाठी बोलत नाही. माझी स्वतःची चूक सांगतो. मी नोकरीत असतानाची गोष्ट. आषाढाचे दिवस होते, तीन दिवस झड लागलेली होती. नाल्याला पूर येऊन रस्ता बंद झालेला आणि संध्याकाळपासून वीज गेलेली. माझ्या आईला दम्याचा विकार होता. मध्यरात्री तिला धाप लागली. अंधारात चाचपून तिचा औषधाचा पंप काढला, तो रिकामा निघाला. नवा पंप मीच आठ दिवसांपूर्वी आणलेला होता. पण तो ठेवला कोठे, हे मला आठवेना, सौभाग्यवतीला आठवेना. विजेरी काढली, तर तिच्यातील सेल फुगून गंजलेले. देवाजवळची काडीपेटी सादळलेली. त्याच आठवड्यात वर्गात मुलांना पुराच्या वेळी घ्यावयाच्या काळजीचा धडा मी शिकविला होता. आणि तो शिकविणारा गुरुजी स्वतःच्या घरात आंधळ्यासारखा भिंती चाचपडत होता.

शेवटी शेजारच्या सालदाराला हाक मारली. रात्रीच्या विजेवर शेताला पाणी द्यावयास जावे लागे म्हणून त्याच्याकडे चांगली विजेरी होती. ती घेऊन तो भिजत आला. दीड तास शोधल्यावर तो पंप दिवाळीच्या रांगोळीच्या डब्यामागे सापडला. आईचा जीव वाचला, आणि त्यानंतर ती आठ वर्षे जगली. परंतु त्या दीड तासातील तिच्या छातीची घरघर मी अद्याप विसरलेलो नाही. सकाळी श्वास खाली बसल्यावर ती एवढेच म्हणाली, “घरमा समदं शे, पन सापडत काहीच नही.”

मी पुष्कळ पुस्तके शिकविली. परंतु या एका वाक्याएवढा शहाणपणा मला फार थोड्या पानांत आढळला. आपल्या प्रत्येकाच्या घरात विजेरी आहे, औषध आहे, दोर आहे, कागदपत्रे आहेत. ती दहा ठिकाणी पसरलेली आहेत, एवढाच काय तो दोष. अंधारात, पाण्यात आणि घाबरलेल्या मनाने माणूस दहा जागा शोधू शकत नाही. एकच जागा शोधू शकतो. म्हणून पेटी.

आता त्या पेटीत काय असावे, ते अनुक्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट पाणी. पूर आला म्हणजे सभोवार पाणीच पाणी असते, पण पिण्याजोगे पेलाभर मिळत नाही. विहिरी आणि हातपंपही घाण होतात. पिण्यासाठी व जेमतेम स्वयंपाकासाठी माणशी दररोज चार लिटर पाणी धरावे. पाच माणसांच्या घरास तीन दिवसांसाठी साठ लिटर लागेल. हे काही पेटीत मावणार नाही. म्हणून वीस लिटरचे झाकणाचे तीन जार पेटीशेजारी ठेवावेत आणि धोक्याची सूचना कानी येताच ते ताज्या पाण्याने भरावेत. पेटीत क्लोरिनच्या गोळ्या असाव्यात आणि त्या वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापराव्यात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, परंतु तिच्यावर विसंबून ते पाणी पिऊ नये. नंतर उकळावे किंवा गोळी टाकावी. उकळावयाचे ते बुडबुडे खळखळून येईपर्यंत.

दुसरी गोष्ट अन्न. चूल पेटविल्यावाचून खाता येईल असेच अन्न पेटीत असावे. शेंगदाणे, गूळ, फुटाणे, मुरमुरे, खजूर, लाडू. घर सोडण्याची सूचना आधी मिळाली, तर आपल्याकडे प्रवासासाठी दुधात पीठ मळून ज्या दशम्या करतात, त्या कराव्यात. त्या भाकरीपेक्षा अधिक टिकतात. तान्ह्या मुलाचे दूध, वृद्धांना चावता येईल असे मऊ अन्न, यांचा विचार आधीच करून ठेवावा.

तिसरी गोष्ट प्रकाश आणि वार्ता. विजेरी ठेवावी, पण सेल तिच्यात न घालता शेजारी वेगळ्या पिशवीत ठेवावेत, म्हणजे माझ्या घरी झाले तसे होणार नाही. मेणबत्त्या आणि काडीपेटी प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डबीत असावी. मात्र गॅसचा वास येत असेल, तर काडी मुळीच ओढू नये. फोन भारित करण्याची पॉवर बँक असावी आणि ती महिन्यातून एकदा भरावी. लहान ट्रान्झिस्टर असल्यास उत्तम. फोनचे मनोरे बंद पडले, तरी आकाशवाणी ऐकू येते. हवामान खाते हल्ली रंगांनी इशारा देते. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, तांबडा म्हणजे आता कृती करा. पेटी तांबडा इशारा आल्यावर भरावयाची नसते. तांबडा आल्यावर ती उचलावयाची असते.

एक शिट्टीही ठेवावी. अडकलेल्या माणसाचा आवाज लवकर बसतो. शिट्टी लहान मूलसुद्धा पुष्कळ वेळ वाजवू शकते. तीस-चाळीस हात लांबीचा मजबूत दोर, चाकू आणि एक मोठे मेणकापड, एवढी हत्यारे पुरे.

चौथी गोष्ट औषधे. मधुमेह, रक्तदाब, दमा, फीट यांची रोजची औषधे निदान सात दिवसांची वेगळी काढून ठेवावीत आणि दर महिन्याला नवी आणल्यावर पेटीतील जुनी वापरास घ्यावीत, म्हणजे मुदत टळणार नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक प्रत बरोबर असावी. मलमपट्टी, कापूस, जंतुनाशक, तापाच्या गोळ्या आणि जुलाबावरील मीठ-साखरेच्या पुड्या ठेवाव्यात. या पुडीला क्षुल्लक समजू नये. १९७१ साली बनगावच्या छावणीत बांगला देशातील निर्वासितांमध्ये पटकी पसरली, तेव्हा शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मिश्रणाने असंख्य प्राण वाचविले. पुडी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा. पुरात साप घरांत शिरतात. त्यांच्या दंशावरील औषध पेटीत असू शकत नाही. मंत्र-तंत्रात वेळ न दवडता, दंश झालेला अवयव न चिरता, न आवळता, रोग्याला शांत ठेवून रुग्णालयात न्यावे.

पाचवी गोष्ट, माझ्या भगिनींनी क्षमा करावी, पण सांगणे अवश्य आहे. स्त्रियांच्या मासिक अडचणीसाठी लागणारे स्वच्छ कापड वा घड्या, आणि लहान मुलांची दुपटी, पेटीत असलीच पाहिजेत. पेटी पुरुष भरतात तेव्हा हे राहून जाते. म्हणून पेटी घरच्या बाईने भरावी आणि पुरुषाने ती उचलावी.

सहावी गोष्ट कागदपत्रे, आणि शिक्षक या नात्याने या ठिकाणी मी थोडा थांबणार आहे. २००६ च्या पुरानंतर पंधरा-वीस दिवसांनी माझा एक जुना विद्यार्थी सुरतेहून माझ्या शाळेत आला. त्याने पिशवीतून एक राखाडी गोळा काढून टेबलावर ठेवला. ती त्याची सारी प्रमाणपत्रे होती, चिखलाने चिकटून वाळलेली. त्याला नोकरीचे बोलावणे आलेले होते आणि दाखवावयास एकही कागद नव्हता. सुदैवाने आमच्या शाळेचे जनरल रजिस्टर कपाटात कोरडे होते. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मी त्याच दिवशी तयार करून दिली. परंतु गुणपत्रिकांच्या प्रती येण्यास वेळ लागला आणि ती नोकरी दुसऱ्याला गेली. तो मुलगा टेबलाशी बसून रडला नाही. तो गोळा नखाने उकलीत राहिला. ते पाहणे मला अधिक जड गेले.

आपल्या समाजाने तर याबाबतीत विशेष दक्ष असावे. जातीचा दाखला आणि त्याची वैधता मिळविताना आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदीचे उतारे, जुने महसुली कागद किती शोधावे लागतात, हे येथे बसलेल्या प्रत्येक पालकास ठाऊक आहे. असा एक कागद भिजला, तर नातवाचा प्रवेश अडतो. म्हणून शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे व वैधतेचे प्रमाणपत्र, सातबारा, शिधापत्रिका, आधार, बँकेचे पुस्तक, विम्याचे कागद हे सर्व दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून पेटीत ठेवावे. प्रत्येकाची एक छायाप्रत दुसऱ्या गावी दिलेल्या लेकीकडे वा बहिणीकडे असावी. सरकारच्या डिजिलॉकरमध्ये जे ठेवता येईल, ते मुलांकडून ठेवून घ्यावे. याच पिशवीत थोडे रोख पैसे, तेही लहान नोटांचे, असावेत. वीज आणि नेटवर्क गेले की फोनमधला पैसा फोनमध्येच राहतो. आणि एका कागदावर जवळच्या आप्तांचे क्रमांक शाईने लिहावेत. आजकाल स्वतःच्या मुलाचा क्रमांकही कोणाला पाठ नसतो. त्याच कागदावर ११२ हा सर्व संकटांचा, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक लिहून ठेवावा.

जनावरांविषयी एकच सांगतो. पाणी वाढण्याची खूण दिसताच दावी सोडावीत. मोकळे जनावर पोहून उंचावर जाते. बांधलेले खुंट्याशीच मरते.

एवढे सारे करण्यास फार पैसा लागत नाही, कारण निम्म्याहून अधिक वस्तू घरात आहेतच. लागते ती सवय. जपानमध्ये १९२३ च्या महाभूकंपाच्या स्मरणार्थ १ सप्टेंबर हा दिवस पाळतात आणि घराघरांत संकटाच्या पिशव्या तपासतात. आपल्याकडे यासाठी नवा दिवस शोधण्याचे कारण नाही. आपली आखाजी आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात, घर भरलेले असते, आणि ती नेमकी मे-जूनच्या हंगामापूर्वी येते. त्या दिवशी घागर पुजून झाली की माय-लेकींनी मिळून पेटी भरावी. लेक सासरी जाऊन तेथेही तशीच पेटी भरील, आणि माझ्या आत्याच्या डब्यासारखा तो वारसा पुढे जाईल. दुसऱ्यांदा दसऱ्याला शस्त्रपूजेबरोबर पेटी उघडून सेल, औषधे आणि खाद्यपदार्थ बदलावेत. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा हंगामही सांभाळला जाईल. पेटीची जागा एकच असावी, जमिनीपासून उंचावर, दाराजवळ, आणि ती घरातील लहानात लहान मुलालाही ठाऊक असावी.

मंडळाला माझी एक नम्र विनंती आहे. प्रत्येक गावी आपल्या दोन तरुणांनी एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि दिवस गेलेल्या सुना यांची एक वही करावी. आणि इशारा येताच प्रथम त्यांच्या दारी जावे. ती वही करताना केवळ आपल्या ज्ञातीची घरे लिहू नयेत. ज्या विजेरीने माझ्या आईचा प्राण वाचला, ती आपल्या ज्ञातीतील माणसाची नव्हती. मी अमावास्येच्या पावसात हाक मारली, तेव्हा तो ज्याने ऐकली, त्याने मी कोण हे विचारले नाही. त्याचे ते ऋण माझ्या पेटीवर आहे. म्हणून माझ्या पेटीत आज दोन विजेऱ्या असतात, एक घरासाठी आणि एक शेजारासाठी.

अध्यक्षमहाशय, बोलण्याच्या ओघात काही उणे-अधिक झाले असल्यास लहानांनी व थोरांनी सांभाळून घ्यावे. येत्या आखाजीला आपण प्रत्येकाने आपल्या घरची पेटी भरावी, आणि ती उघडण्याचा प्रसंग कोणावरही न यावा, अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.